शर्ट उत्तम, लेबल अपुरे

एका बहुराष्ट्रीय कंपनीचा पांढरा सुती शर्ट मी गेले आठ महिने नियमित वापरत आहे. कॉलरच्या आत ‘मेड इन बांगलादेश’ एवढेच छापले आहे. कमी मजुरीच्या देशातला माल म्हणजे हलका माल, हा समज शर्ट उलटा करून पाहिला की टिकत नाही. काखेतली शिवण दुहेरी टीप मारून पक्की केलेली आहे, काजांचे टाके दाट आहेत आणि इतक्या धुण्यांनंतरही कॉलर ताठ आहे. कफाचे एक बटण तेवढे सैल झाले.

सर्वांत देखणे काम बाहीच्या जोडाचे. कापड मऊ आणि सरकते असल्यामुळे ही गोलाई सुईखाली माणसालाच हाताने फिरवावी लागते, आणि म्हणूनच शिलाईचा धंदा मजुरी कमी असलेल्या देशांकडे वळत राहतो. पण मजुरी हे एकच कारण नव्हे. १९७४ च्या मल्टी फायबर करारामुळे श्रीमंत देशांना कपड्यांच्या आयातीवर कोटा लावता आला. तेव्हा कोट्याने अडलेल्या दक्षिण कोरियातील दायवू कंपनीने, तेव्हा कोटा नसलेल्या बांगलादेशातील ‘देश गारमेंट्स’शी करार केला आणि १९७९ मध्ये तिथल्या सुमारे १३० जणांना कोरियात नेऊन प्रशिक्षण दिले. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. २००१ पासून युरोपीय संघाने अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कमाफी दिली, तेव्हा या कौशल्याला हक्काची बाजारपेठही लाभली.

माझी तक्रार लेबलबद्दल आहे. अशा कंपन्या बहुधा स्वतः कारखाना चालवत नाहीत. डिझाइन आणि नाव त्यांचे, शिलाई कंत्राटदाराची, त्यामुळे जबाबदारी नेमकी कोणाची हे धूसर राहते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मेली, तेव्हा कोणकोणत्या कंपन्यांचे कपडे तिथे शिवले जात होते, हे ढिगाऱ्यातली लेबले शोधून सिद्ध करावे लागले. त्यानंतर अनेक कंपन्या कारखान्यांची यादी जाहीर करू लागल्या. या शर्टाच्या कंपनीला मी कारखान्याचे नाव विचारले, तर ‘पुरवठादारांची माहिती गोपनीय आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले.

शिलाईसाठी हा शर्ट मी निःसंकोच सुचवेन. दुसरा मात्र ज्या कंपनीने यादी उघड केली आहे, तिच्याकडूनच घेईन.