बी५५० की बी६५०: बोर्ड घेण्याआधी पुढचा प्रोसेसर ठरवा

नागपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, सगळं ठरलंय, फक्त बोर्ड तेवढा सांग." गेमिंग पीसीच्या यादीत बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, नेहमी असाच शेवटी येतो, उरलेल्या पैशांत बसवायचा म्हणून. ग्राफिक्स कार्डावर महिनाभर खल, कॅबिनेटच्या काचेवर आठवडाभर, आणि ज्या पाटीवर हे सगळं बसणार ती दुकानदार देईल ती! माझं गणित उलटं आहे. कार्ड तीन वर्षांनी अर्ध्या तासात बदलता येतं. बोर्ड बदलायचा तर अख्खं कॅबिनेट रिकामं करायचं, कूलर उतरवायचा, जुनी पेस्ट पुसायची, सगळ्या वायरी नव्याने ओवायच्या, आणि सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो तो साचा, बदललं असेल तर प्रोसेसर आणि बहुधा रॅमही नवी घ्यायची. म्हणून बोर्ड घेताना आज बसणारा प्रोसेसर बघायचाच, पण त्याहून जास्त त्या बोर्डावर पुढे कोणता बसेल ते बघायचं.

त्याच्यापुढे दोन रस्ते होते. एक, एएम४ सॉकेटचा बी५५० बोर्ड, त्यावर एएमडीचा रायझेन ५ ५६०० प्रोसेसर आणि डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीची, रॅम. दुसरा, एएम५ सॉकेटचा बी६५० बोर्ड, रायझेन ५ ७६०० आणि डीडीआर५. दुकानदाराने तिसराही सुचवला होता, इंटेलचा बी७६०. त्याच्याकडे येतोच.

एएम४ ची थोरवी आधी सांगायला हवी, कारण मी तिच्यावरच पोसलो गेलो. पहिले रायझेन मार्च २०१७ मध्ये आले. त्या वर्षी घेतलेल्या माझ्या बी३५० बोर्डावर आधी रायझेन ५ १६०० होता, आज त्याच बोर्डावर ५६०० चालतो. मधे फक्त बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, बदलला. हे आपोआप घडलं नाही. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० सारख्या बोर्डांवरही पुढचे ५००० मालिकेचे रायझेन चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं; ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. अडचण बरीचशी बायोसच्या चिपमध्ये होती. जुन्या बोर्डांवर ती १६ एमबीची, इतक्या साऱ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. माझ्या बी३५० सारख्यांची पाळी तर २०२२ उजाडल्यावर आली.

पण हीच गोष्ट आज बी५५० च्या विरोधात जाते. एएम४ वर गेमिंगसाठी गाठायचं शिखर म्हणजे एप्रिल २०२२ चा रायझेन ७ ५८००एक्स३डी. त्याच्या वर चढायला पायरीच नाही, आणि तोही आता नवाकोरा मिळणं कठीण. जुन्या बाजारात लोक त्याची किंमत जुन्या सोन्यासारखी सांगतात. म्हणजे आज बी५५० घेणारा माणूस प्रवासाच्या शेवटच्या स्टेशनावर गाडीत चढतोय. घरात आधीच डीडीआर४ रॅम पडलेली असेल तर मात्र माझा आक्षेप नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांनी असे काही वर नेले की डीडीआर५ ची जोडी घेताना माणूस दोनदा विचार करतो. जुन्या पीसीतून १६ जीबी डीडीआर४ निघत असेल तर बी५५० आणि ५६०० हा आजही शहाणपणाचा सौदा आहे. फक्त दुकानदार ५६०० च्या जागी '५६००जी' देत नाही ना, ते बघा. त्या 'जी'मध्ये पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता, ४.० चा नाही, त्याहून हळू ३.० चा आहे. हल्लीची कित्येक मध्यम किमतीची कार्डं, उदाहरणार्थ आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६००, १६ ऐवजी ८ लेनवरच चालतात. त्यांना ३.० वर बसवलं आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरली, की गेम मधेच अडखळायला लागतो. लोक कार्डाला शिव्या घालतात, दोष भलतीकडेच असतो.

बी६५० चं तसं नाही. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्याही पुढे ते सांभाळू असं एएमडीने सांगितलेलं आहे. आज ७६०० बसवा, दोन-तीन वर्षांनी ९८००एक्स३डी सेकंडहँड मिळेल तेव्हा तो बसवा, बोर्ड तोच. बी६५० वर कार्डाचा स्लॉट ४.० चा असतो, ५.० हवा तर बी६५०ई किंवा वरचा बोर्ड. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, पूर्ण १६ लेनच्या कार्डाला गेममध्ये तो फरक डोळ्यांना कळण्याइतका पडत नाही. एक्स८७० या एएम५ च्याच महागड्या बोर्डाचा नाद तर सोडूनच द्या. त्याचे जादा पैसे मुख्यतः यूएसबी४ आणि ५.० च्या लेनचे असतात, फ्रेमरेटचे नाही.

बी७६० लवकर आटपतो. त्याचं एलजीए१७०० हे सॉकेट संपलेलं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून इंटेल एलजीए१८५१ वर गेलं. त्यावर पुढे चढायचं म्हणजे १३व्या-१४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर. व्होल्टेजच्या घोटाळ्यामुळे त्यातले काही कायमचे कमजोर झाले, ऑगस्ट २०२४ पासून इंटेलला मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या द्याव्या लागल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. असा प्रोसेसर सेकंडहँड घ्यायचा तर छातीच हवी. १२४००एफ वर कायम समाधान मानणार असाल आणि डीडीआर४ चा बी७६० स्वस्तात मिळत असेल, तर घ्या. त्या प्रोसेसरला हा रोग नाही.

आता नांदण्याचं बोलू. लग्न ठरवणं वेगळं, संसार वेगळा.

मागच्या वर्षी एका मित्राचा बी६५० पीसी जोडून दिला. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कडेला 'डीरॅम' लिहिलेला बारीक पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला. मित्राने घाबरून पीसी बंद केला. पुन्हा चालू, पुन्हा पिवळा, पुन्हा बंद. असं तीनदा. चौथ्या वेळी मी त्याला स्विचपासून लांब बसवलं आणि चहा टाकायला लावला. चहा गाळून होईतो बोर्डाचा लोगो स्क्रीनवर आला होता. डीडीआर५ च्या बाबतीत हे बोर्ड पहिल्यांदा रॅमची नाडी तपासतात, त्याला काही मिनिटं लागतात. बायोस अपडेट केला किंवा बोर्डावरचा सेल काढून घातला की पुन्हा तेच. बी५५० वाल्यांना ही परीक्षा सहसा द्यावी लागत नाही. त्यांची परीक्षा वेगळी: ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून बोर्डाच्या मागचं एचडीएमआय मुकं असतं. ७६०० मध्ये जेमतेम का होईना ग्राफिक्स आहे. कार्ड दुरुस्तीला गेलं तर ब्राउझर तरी उघडतो.

रॅम लागली की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायची. न केल्यास ६००० ची डीडीआर५ निमूटपणे ४८०० वर चालते. दोन-दोन वर्षं असं वापरणारे लोक मी पाहिलेत. आणि चार स्लॉट दिसले म्हणून चारही भरू नका. एएम५ वर चार पट्ट्या टाकल्या की वेग पार खाली येतो. दोनच घ्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावा.

बी६५० घेताना मी एकाच सोयीवर अडून बसतो: मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बी६५० वर ९००० मालिकेचा प्रोसेसर बसवला तर तो ओळखीच दाखवत नाही. हे बटण असेल तर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो: पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला पुस्तिकेत सांगितलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या पोर्टात लावायचा, बटण दाबायचं आणि दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मधे वीज गेली तर पंचाईत, म्हणून यूपीएसवरच. गुरुवारी हे काम काढू नका; त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते, हे पुणेकरांना सांगायला नको. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असेल तर आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते. आणि बायोसमध्ये टीपीएम व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू आहेत का तेही त्याच बैठकीत बघा. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम त्यांच्याशिवाय उघडत नाही.

पुस्तिका वाचायला मी फार उशिरा शिकलो. एका बी५५० वर दुसरी एम.२ एसएसडी लावली आणि जुन्या फोटोंची हार्ड डिस्क गायब. केबल बदलली, रडलो, शेवटी चौदाव्या पानावर तळटीप सापडली: दुसरा एम.२ भरला की साटाचे, म्हणजे हार्ड डिस्कच्या केबलचे, दोन पोर्ट बंद. डिस्क शेजारच्या पोर्टात खुपसली, फोटो हजर. अशा वाटण्या कमी-अधिक फरकाने बऱ्याच बोर्डांवर असतात. खरेदीआधी पुस्तिकेची पीडीएफ उघडून हे एक पान तरी बघा. तसंच कार्ड काढताना सोडवायची स्लॉटची कडी. जाड कार्डाखाली ती दिसतही नाही आणि बोटही पोचत नाही. मी लाकडी चॉपस्टिकने दाबतो. महागड्या बोर्डांवर त्यासाठी वेगळं बटण देतात. मला विचाराल तर रंगीत दिव्यांपेक्षा त्या बटणाला पैसे द्यावेत.

नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. म्हणून भाच्याला एक अट घातली: प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, धातूचा हीटसिंक हवाच. एएम५ मधल्याच ए६२० चे अगदी स्वस्त बोर्ड तिथे उघडेबोडके असतात. पण सोळा फेजच्या व्हीआरएमची जाहिरात वाचून भुलायचंही कारण नाही, ७६०० ला ते सगळं लागत नाही. आकार मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान, पुरतो. जाड कार्ड बसलं की मोठ्या बोर्डाचे खालचे स्लॉट तसेही झाकलेच जातात.

राहिल्या पिना. एएम४ मध्ये त्या प्रोसेसरला असतात. कूलर ओढला की वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. पेनपेन्सिलीच्या रिकाम्या टोकाने त्या सरळ करता येतात, मी केल्यात. एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात, केसासारख्या, १७१८. त्या वाकल्या की वॉरंटी गेली समजा. बोर्ड हातात आल्याबरोबर, प्रोसेसर बसवण्याआधी, सॉकेटचा जवळून फोटो काढायचा. वरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवायचं. ते नाही म्हणून एका सर्व्हिस सेंटरने माझा बोर्ड दारातूनच परत पाठवला होता.

भाच्याने फ्लॅशबॅकवाला बी६५०एम घेतला. रॅमने खिसा रिकामा केला, म्हणून ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं आलं. त्यावर तो दोन दिवस रुसला होता. झाकण बोर्डाच्या खोक्यात टाकून खोका माळ्यावर गेलाय. ते मी व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावलं.