जुनी स्प्लेंडर ठेवून नवी घेतली, त्याला दहा महिने झाले

परवा सकाळी पावणेआठला, भर पावसात, नव्या १२५ सीसी गाडीचं बटण दाबलं तर नुसतं 'टक्'. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. मीटरवरचे आकडे एकदा लुकलुकले आणि गेले. सवयीने उजवा पाय किक शोधायला खाली गेला, तो हवेतच. या गाडीला किकच नाही.

ढकलून बघितली. चिरंजीव मागून ढकलतायत, मी दुसऱ्या गिअरला क्लच सोडतोय, आणि गल्ली बघतेय. नवी गाडी इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल विजेच्या पंपाने इंजिनात जातं; चावी फिरवली की तो पंप 'झूं' करतो. बॅटरी पार बसली की ते झूं नाही, म्हणजे पेट्रोल नाही, म्हणजे धक्का मारून फक्त घाम. शेवटी जिन्याखालची स्प्लेंडर काढली. चोक ओढला, चावी बंद ठेवून दोन रिकाम्या किक, मग चावी लावून तिसरी. लागली. कोरेगावला पंधरा मिनिटं उशिरा, पण पोचलो.

ही २००९ ची, हिरो आणि होंडा एकत्र असतानाची, फक्त किकची. दसऱ्याला नवी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने एक्स्चेंजला हिचे सात हजार सांगितले. पंधरा वर्षं रोज चाळीस किलोमीटर वाहिलेल्या गाडीचे सात हजार! मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. हिशेब करून नव्हे, राग आला म्हणून. हिशेब नंतर घरी बायकोने केला.

तो तेव्हाच्या दरांनी असा. नोव्हेंबरात पंधरा वर्षं भरली, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण १०००, पर्यावरण कर २०००, उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) जीएसटी धरून ५३१. हे पाच वर्षांसाठी. शिवाय थर्ड पार्टी विमा दरवर्षी ८४३ आणि पीयूसी. त्यात ते नाकारलेले सात हजार धरले, तर पाच वर्षांत पंधरा हजारांच्या घरात, महिन्याला अडीचशे रुपये. "अडीचशे रुपये भाडं देऊन जिन्याखाली भंगार ठेवलंय," हे वाक्य मी हिवाळाभर ऐकलं. आरटीओत साहेबांनी इंडिकेटर, हॉर्न, दिवा बघितला. एजंटच्या पोराने चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली. नंबराच्या जागी आधी गंजच उमटला. तेव्हा मलाही वाटलं, की चुकलंच.

कारण नवी गाडी चांगली आहे, हे कबूल करायला हवं. एलईडी दिव्यात रात्री खड्डा, त्यात आदळायच्या आधी दिसतो. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे पावसात मागचं चाक कमी सटकतं. सीट लांब. ॲव्हरेज पंचावन्न, जुनीचं साठ, पण त्या पाच किलोमीटरसाठी मी भांडणार नाही.

मी भांडलो ते किकसाठी. सर्व्हिस सेंटरला विचारलं, वेगळी बसवून मिळेल का? काउंटरवरचा मुलगा हसला. "काका, आता किक कोण मारतं?" मी मारतो. एक लोखंडी दांडा, त्यावर रबर, असे किती रुपये वाचले असतील कंपनीचे? बॅटरीबद्दल म्हणाले, ठेवून जा, चार दिवस लागतील, वॉरंटीत बसते का बघू. त्या दिवशी मी हे लिहायला बसलो ते सगळं खापर कंपनीवर फोडायलाच.

आता थोडं मागे घ्यावं लागतंय. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने सीट काढून पाहिलं तर बॅटरीला एक जादा वायर. मीच बाहेरच्या दुकानातून नऊशे रुपयांत बसवलेला चोरीचा अलार्म. शोरूमवाले अठराशे सांगत होते, म्हणून. तो गाडी उभी असतानाही करंट खात होता, आणि मी तापाने आठ दिवस घरी होतो. बॅटरी चार्ज केली, अलार्म काढला, गाडी तेव्हापासून नीट. म्हणजे गाडीचा दोष नाही. पंपच चालत नसेल तर किकनेही काही झालं नसतं म्हणा, पण बॅटरी नुसती अशक्त असते तेव्हा किक हवीच, त्यावर मी ठाम आहे.

आणि जुनीही काही साध्वी नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हात लावला नाही, तर एक दिवस जिन्याखाली पेट्रोलचा वास. कार्बोरेटर ओव्हरफ्लो. उघडला तर तळाला चिकट थर, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई अडकलेली. साफसफाईचे अडीचशे. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडी उभी करून मारू नका. ठेवायची तर फिरवा, नाहीतर विका." तेव्हापासून दर रविवारी भाजी तिच्यावर. परत आलो की पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. दुसरी गाडी ठेवणाऱ्यांनी एवढं तरी करा.

काल सकाळी शेजारचे काका छत्री घेऊन दारात. त्यांचीही बिनकिकची, तीही टक्. हिनेच आतून चावी आणून दिली. संध्याकाळी पेट्रोल टाकून देतो म्हणाले होते. टाकलं नाही, कॉकही उघडाच ठेवलाय.