बालेवाडीच्या चौदाव्या मजल्यावरील फोर-जी : कांड्या पूर्ण, वेग तोकडा

पुण्याच्या बालेवाडीतील उंच इमारतीत एका मोठ्या कंपनीची फोर-जी सेवा मी वापरतो. रेंजच्या सगळ्या कांड्या दिसत असूनही संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडखळत असे, आणि ‘आपल्या भागात सिग्नल उत्तम आहे’ हे ग्राहक सेवा केंद्राचे ठरलेले उत्तर खोटे नसले तरी अपुरे होते.

कांड्यांवरून सिग्नलची ताकद कळते, त्याची शुद्धता नव्हे. मोबाइलमधील अॅपवर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ८२ डीबीएम, म्हणजे चांगलीच होती. एसआयएनआर (गोंगाट आणि इतर टॉवरांच्या उपद्रवापेक्षा आपला सिग्नल किती वरचढ आहे याचे माप) मात्र २ डेसिबलच्या आसपास रेंगाळत होता, जो २० च्या घरात असला तर उत्तम मानतात. जुन्या टू-जीच्या जीएसएम तंत्रात शेजारच्या सेलना (टॉवरच्या सेवाक्षेत्रांना) वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून दिलेल्या असत. फोर-जीच्या एलटीई तंत्रात सहसा सगळे सेल एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे स्पेक्ट्रम वाया जात नाही, पण सेलच्या सीमेवरील ग्राहकाला शेजारच्या टॉवरचा उपद्रव सोसावा लागतो. चौदाव्या मजल्यावरून तर बाणेर, म्हाळुंगे आणि महामार्गाकडचे टॉवर आडोशाविना समोर येतात, आणि संध्याकाळी त्यांच्यावरचा भार वाढला की हा उपद्रवही वाढतो.

हे आकडे जोडून तक्रार केल्यावर मात्र कंपनीने रेडिओ विभागाचा अभियंता पाठवला, ही या सेवेची खरी जमेची बाजू. त्याने घरात मोजमाप घेतले आणि पुढे एका शेजारच्या टॉवरच्या अँटेनाचा कल थोडा खाली करण्यात आला. एसआयएनआर ११ पर्यंत चढला. कल खाली केला की त्या सेलचा पल्लाही आखडतो, त्यामुळे हा उपाय सरसकट करता येत नाही. शेजारच्या टॉवरांनी एक्स-२ या आपसांतील जोडणीवरून परस्परांना भाराची माहिती देऊन फ्रिक्वेन्सीचे तुकडे वाटून घेण्याची सोय एलटीईच्या रिलीज ८ या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. ती येथे सुरू आहे का, या प्रश्नाला सौजन्यपूर्ण बगल मिळाली.

सोसायटीत बूस्टर (सिग्नल वाढवणारे उपकरण) विकायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे: विनापरवाना बूस्टर बेकायदा तर आहेच, शिवाय तो टॉवरकडे जाणाऱ्या मार्गात गोंगाट वाढवून इतरांचीही सेवा बिघडवतो.

पाचपैकी तीन तारे. खालच्या मजल्यांवरील शेजाऱ्यांची या कंपनीबद्दल तक्रार नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नंबर पोर्ट करण्याआधी ओळखीच्या कोणाचे तरी सिम घेऊन रात्री आठच्या सुमारास खिडकीजवळ आणि आतल्या खोलीत, दोन्हीकडे एसआयएनआर पाहून घ्यावा.