चाळिशी-पन्नाशीतलं टेन्शन: गोळी, समोरासमोर थेरपी की ऑनलाइन? खान्देशात राहून काय परवडतं

आपल्याकडे पंचेचाळिशीतल्या माणसाला काय होतंय विचारलं तर तो ॲसिडिटी सांगतो, मान दुखते सांगतो, फार तर "रातले झोप येत नही" म्हणतो आणि विषय संपवतो. आत मात्र पोराच्या नीटच्या क्लासची फी असते, वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन असतं, सोसायटीचं कर्ज, कापसाचा भाव, बायकांना वर पाळी जाण्याचा काळ, आणि आता पुढे काय हा प्रश्न तर सगळ्यांनाच. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही डिप्रेशन 40 ते 49 या वयात जास्त दिसलं होतं, त्यामुळे याला नखरे म्हणू नका. मदत घ्यायची हे ज्यांचं ठरलंय पण जायचं कुणाकडे यावर गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन, शुगर आणि बीपी बघून घ्या. थायरॉइड कमी पडलं किंवा बी-12 घसरलं तरी थकवा, चिडचिड, उदास वाटणं हे सगळं होतं, आणि आपल्याकडे कित्येक घरं पूर्ण शाकाहारी, तिथे बी-12 कमी निघणं अगदी कॉमन आहे. बायकांनी पाळीचंही सांगायचं, लाजायचं नाही. भारतात पाळी बंद होण्याचं सरासरी वय 46-47 च्या आसपास आहे, आणि त्याच्या आधीची काही वर्षं झोप आणि मूड दोन्ही हलवतात. मे महिन्यात जळगाव 45 डिग्रीला तापलेलं असताना रात्री घामाने जाग आली तर ती उन्हाने की पाळीच्या बदलाने हे आपलं आपल्याला कळत नाही, डॉक्टरला विचारावंच लागतं.

आता गोळी की बोलणं. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, औषध तो लिहितो. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी मिळते आणि केसपेपरचा खर्च अगदी थोडा. अडचण वेळेची. बाहेर रांग असते, डॉक्टरला प्रत्येकाला दहा मिनिटंसुद्धा देणं जमत नाही, तेवढ्यात झोप, भूक, घाबरणं याचं विचारून औषध लिहून होतं, पण भावाने जमिनीत कसं फसवलं हे सांगायला सुरुवात केली की पुढचा पेशंट दारात. डिप्रेशनच्या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, कधी त्याहून जास्त, म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरला न विचारता एकदम सोडू नका.

कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडून घाबरायला होतं (ईसीजी नॉर्मल आल्यावरही), दारू वाढलीय, असं असेल तर आधी सायकियाट्रिस्ट. आणि जगावंसं वाटत नाही असा विचार येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचंच नाही, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

एवढं टोकाला गेलेलं नाही पण रोज आतून कुरतडतंय, अशांसाठी थेरपी, म्हणजे बोलून उपचार. तिथे काय होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यांना वाटतं कुणीतरी चांगले सल्ले देणार, ते तर घरी फुकट मिळतात. समजा भुसावळचा एक रेल्वेतला माणूस आहे, पन्नाशीला आलेला. साहेबांनी महत्त्वाचं काम नव्या पोराला दिलं आणि त्या दिवसापासून याला रात्री दोनला जाग येते. थेरपिस्ट त्याला वहीत लिहायला लावतो, काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, अंगात काय झालं. मनात आलेलं असतं "आपली किंमत संपली". मग त्या वाक्याची तपासणी होते, याच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, आणि बोलता बोलता त्याला आठवतं की बिघाड झाला की तेच नवे पोरं आधी यालाच फोन करतात. राग लगेच जात नाही पण "संपलो" वरून "वाईट वाटलं" वर येतो, आणि वाईट वाटलेलं माणूस सहन करू शकतो. ही पद्धत, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (सीबीटी), अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडली, त्याच्या थोडं आधी तिथलेच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची अशीच एक पद्धत आली होती, जी कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत आणली.

कर्ज काही थेरपीने फिटत नाही. पण कुठल्या बँकेत आधी जायचं, बायकोला आकडा कधी सांगायचा, याचा क्रम लागतो. मला सगळ्यात उपयोगाची वाटते ती तालीम, म्हणजे धाकट्या भावाला "आईला यंदा सहा महिने तू ने" हे वाक्य कसं बोलायचं ते सेशनमध्ये चार वेळा बोलून बघायचं, तो उलटा काय म्हणेल तेही थेरपिस्टच म्हणून दाखवतो. या वयातलं निम्मं टेन्शन न बोललेल्या अशा वाक्यांचंच असतं.

समोरासमोर की ऑनलाइन? जळगाव किंवा धुळ्यात जाऊन बसायचं म्हटलं तर चोपडा, रावेर, शिरपूरच्या माणसाचा अर्धा दिवस जातो, आणि केळी कापणीला आली की तो आठवडा गेलाच. शिवाय गाव छोटं, क्लिनिकच्या जिन्यात व्याही भेटायची भीती खरी आहे. पण समोर बसलेल्या माणसाला तुमचे हात थरथरताना दिसतात, तुम्ही मध्येच अहिराणीत गेलात, लेवा बोलीत गेलात तर तो तुम्हाला शुद्ध मराठीत परत आणत नाही, एकत्र कुटुंब, भाऊबंदकी, लग्नाचा मानपान यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. ऑनलाइनला पुण्या-मुंबईचा थेरपिस्ट मिळतो, निवड भरपूर, ओळखीचं कुणी भेटायची भीती नाही, पण फी बहुतेक वेळा जास्त असते. आणि घरात बोलायला खोली कुठे आहे? बरेच जण गाडी शेताच्या बांधाला लावून, काचा वर करून सेशन करतात, चालतं तसं. धडगाव, अक्कलकुव्याकडे मात्र नेटवर्कचा भरवसा नाही, तिथे व्हिडिओचा हट्ट सोडून साधा फोन बरा.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन सेशन जवळच्या शहरात समोर बसून करा आणि नंतर तोच माणूस फोनवर किंवा व्हिडिओवर तयार असेल तर तसं चालवा. अशी थेरपी साधारण 6 ते 20 सेशन चालते, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, म्हणून लांबच्या नावाजलेल्या माणसापेक्षा जिथे दर वेळी पोचता येईल तो माणूस निवडा.

पैसेच नाहीत किंवा धीरच होत नाही तर टेलि-मानसला 14416 वर फोन लावा. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि गरज वाटली तर काउन्सेलर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. दर आठवड्याला तोच माणूस भेटेल असं इथे धरू नका, पण रात्री अडीचला दुसरं कोण उचलणार? भजनी मंडळ, पारावरचे मित्र, सकाळचं फिरणं हेही सोडू नका, त्याने माणूस तरतो. फक्त तिथे सांगितलेली गोष्ट तिथेच राहील याची खात्री नसते. मानसोपचारातली माहिती गुप्त ठेवणं मात्र 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच बंधनकारक केलंय.

पाटी बघून आत शिरू नका, काउन्सेलर हा शब्द कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (औषध न लिहिता बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) असेल तर त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेकडे नोंदणी असते, तो नंबर सरळ विचारा, इतरांना शिक्षण कुठे झालं आणि किती वर्षं हेच काम करताय ते विचारा. पहिल्याच फोनवर फी किती, सेशन किती मिनिटांचं, ऐनवेळी रद्द झालं तर पैसे जातात का आणि माझ्या वयाच्या लोकांसोबत काम केलंय का हेही विचारून घ्या. चार सेशन झाले तरी काय करतोय हेच कळत नसेल तर तसं त्यालाच तोंडावर सांगा, चांगला थेरपिस्ट रागावत नाही, पद्धत बदलतो नाहीतर दुसऱ्याचं नाव देतो.