अल्हाम्ब्राचं तिकीट काढताना आम्ही कुठे फसलो

बाबांनी सांगोल्याच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना कर्तव्य भूमिती शिकवताना ते फळ्यावर एक नक्षी हमखास काढायचे. आठ टोकांची चांदणी, तिच्यातून फुटणाऱ्या पट्ट्या, त्या पट्ट्या एकमेकींखालून-वरून जात पुढच्या चांदणीला मिळायच्या. "ही स्पेनमधल्या एका राजवाड्याच्या भिंतीवर आहे," असं म्हणून ते फळा पुसायचे. मीही त्याच वर्गात बसून कंपासने ती नक्षी काढली आहे. म्हणून मागच्या ऑक्टोबरात आई-बाबांना चार दिवस कुठेतरी घेऊन जायचं ठरलं, तेव्हा कुठे हा प्रश्न आमच्या घरात पडलाच नाही. ग्रानादा, जिथे तो राजवाडा, म्हणजे अल्हाम्ब्रा, आहे.

बाबा ७२ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. परत एवढा प्रवास होणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी त्या भिंतीपासून पन्नास पावलांवरून आम्हाला मागे फिरावं लागलं. आमच्याकडे तिकीट होतं, तेही खरं होतं, त्यावर आमची नावं आणि पासपोर्ट क्रमांकही बरोबर होते. असं असूनही फसवणूक कशी होते, ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण पुण्या-मुंबईहून स्पेनला जाणारी बरीच मंडळी नेमकी आमच्याच वाटेने जातात.

सुरुवात व्हिसापासून झाली. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचं आणि विमानाचं बुकिंग जोडलं होतं, पण बाकीचा खर्च व्हिसा हातात आल्यावरच करायचा असं मी ठरवलं होतं. व्हिसा नाकारला तर पैसे का बुडवा, हा आपल्याकडचा सरळ हिशोब. पासपोर्ट परत आले ते निघायच्या बारा दिवस आधी. त्या रात्री मी अल्हाम्ब्राच्या तिकिटांसाठी बसले आणि अधिकृत साइटवर आमचे दोन्ही दिवस राखाडी दिसले. एकही जागा नाही.

ही तिकिटं इतकी लवकर का संपतात, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. अल्हाम्ब्रा ही एक इमारत नाही. टेकडीवर तटबंदीच्या आत वसवलेलं ते एक छोटं शहरच आहे. ग्रानादावर राज्य करणाऱ्या नासरी या मुस्लिम घराण्यातल्या पहिल्या मुहम्मदने १२३८ साली तिथे काम सुरू केलं. पुढे दीडशे वर्षं त्याचे वारस त्यात भर घालत राहिले, आणि २ जानेवारी १४९२ या दिवशी ग्रानादा स्पेनचे कॅथलिक राणी-राजा इसाबेला आणि फर्नांदो यांच्या हाती गेलं. आज तिथे आल्काथाबा हा किल्ला आहे, हेनेरालिफेच्या बागा आहेत, पाचव्या कार्लोसचा नंतर बांधलेला राजवाडा आहे, आणि या सगळ्याचं काळीज म्हणजे नासरी राजवाडे. सिंहांचं प्रांगण, विलायती मेंदीच्या (मर्टलच्या) झुडपांमधला लांब हौद, राजदूतांचं दालन, आणि बाबा फळ्यावर काढायचे त्या नक्षीच्या फरशा, सगळं त्या राजवाड्यांत आहे. तिथे दर अर्ध्या तासाला साधारण ३०० माणसंच सोडतात. वेळ चुकली की प्रवेश गेला. म्हणून नासरी राजवाड्यांसकटचं तिकीट आधी संपतं, आणि बागा-किल्ल्याचं वेगळं, स्वस्त तिकीट बरेचदा शिल्लक असतं. दोन्ही तिकिटांच्या नावात 'अल्हाम्ब्रा' असतंच. सगळा खेळ याच फटीत चालतो.

अधिकृत साइट बंद करून मी सर्च इंजिनवर पुन्हा शोधलं. पहिलाच निकाल जाहिरातीचा होता. साइटच्या नावात अल्हाम्ब्रा आणि 'ऑफिशियल' असे दोन्ही शब्द होते. उघडल्याबरोबर पानभर सिंहांच्या प्रांगणाचा फोटो, संगमरवरी बारा सिंह, मागे बारीक खांबांची रांग. आमची तारीख हिरवी. खाली लाल अक्षरांत 'फक्त ४ तिकिटं शिल्लक' आणि पंधरा मिनिटांची उलटी मोजणी सुरू. माणशी ५९ युरो. राजवाड्यांसकटचं अधिकृत तिकीट वीस युरोच्या आसपास असतं हे मी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं, तरी मला वाटलं की शेवटच्या क्षणी जास्त पडणारच. आपल्याकडे तत्काळला पडतात तसे.

तिघांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक भरले. मग पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो मागितले, तेही दिले. तिकीट नावाने असतं आणि दारात पासपोर्ट बघतात हे खरं आहे, पण त्यासाठी नाव आणि क्रमांक पुरतो. फोटो कशाला, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला नाही. समोरचं घड्याळ दोन मिनिटांवर आलं होतं. सेवाशुल्क धरून १८९ युरो झाले. परदेशी साइट असल्यामुळे ओटीपीसुद्धा आला नाही. कार्डाच्या परकीय चलन शुल्कासह १८,००० रुपयांच्या जवळपास गेले. मेल आला: 'अल्हाम्ब्रा प्रवेश, तीन व्यक्ती, सकाळी १०:३०. तिकिटं भेटीच्या आदल्या दिवशी पाठवली जातील.'

ती १०:३० ची वेळ बघून माझा जीव भांड्यात पडला. नासरी राजवाड्यांना ठरावीक वेळ असते हे मी वाचलेलं होतं, म्हणजे ही वेळ तीच असणार, असं मीच माझं ठरवून टाकलं. त्या मेलमध्ये 'नासरी' हा शब्द कुठेच नव्हता. जे लिहिलेलं नव्हतं तेही मी वाचलं.

माद्रिदहून वेगवान गाडीने साडेतीन तासांत ग्रानादा आलं. संध्याकाळी आम्ही दारो नदीच्या काठाने रमतगमत चाललो. ग्रानादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब, हे बाबांना त्या दिवशीच कळलं. रस्त्याकडेच्या खांबांवर, पाट्यांवर सगळीकडे डाळिंब कोरलेलं. सांगोल्याच्या माणसाला याचं काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. आईला म्हणाले, "बघ, आपण घरीच आलो." कॅथेड्रलजवळ दोन बायका रोजमेरीची डहाळी हातात कोंबायला आल्या. डहाळी घेतली की हात धरून भविष्य सांगतात आणि मग पैशांवरून आवाज चढवतात, हे हॉटेलवाल्याने आधीच सांगितलं होतं. हात मागे बांधून पुढे गेलो. त्या रात्री मला वाटत होतं की या शहरात सावध राहायचं ते एवढ्यापुरतंच.

तिकिटं रात्री नऊला आली. तीन पीडीएफ, सगळा मजकूर स्पॅनिशमध्ये, क्यूआर कोड, आमची नावं, वेळ. मी नावं तपासली, क्रमांक तपासले. वर मोठ्या अक्षरांत तिकिटाचा प्रकार लिहिला होता: 'हार्दिनेस, हेनेरालिफे ई आल्काथाबा'. बागा, हेनेरालिफे आणि किल्ला. फोनवर भाषांतर करायला दहा सेकंद लागले असते. मी नाही केलं. क्यूआर कोड दिसला आणि मी निश्चिंत झाले.

सकाळी छोटी लाल बस चढण चढून वर गेली. फाटकावर कोड चालला, पासपोर्ट बघितले, आत सोडलं. त्यामुळे शंका यायचं कारणच उरलं नाही. वीस-पंचवीस मिनिटं हळूहळू चालत, दोनदा बसत, आम्ही नासरी राजवाड्यांच्या रांगेत पोचलो. आमच्या पुढे एक जोडपं होतं. त्यांचे पासपोर्ट यंत्रावर ठेवले, दिवा हिरवा, आत गेले. मग आमचा नंबर. दिवा लाल. पुन्हा लाल. तिथल्या मुलीने माझा फोन हातात घेतला, तिकिटावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत सावकाश सांगितलं की हे तिकीट बागांचं आहे, राजवाडे यात नाहीत. मी रक्कम सांगितली तेव्हा तिने डोळे मिटले. असे लोक रोज येतात, म्हणाली. तिच्या हातात काही नव्हतं. आतल्या माणसांची संख्या ठरलेली, नावं ठरलेली.

बाबा विचारत होते, "काय म्हणते ती?" मला पटकन सांगता येईना. आईने सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं. मग बागा बघू."

रांगेतून बाहेर पडलो तर एक माणूस मागोमाग आला. छान इंग्रजी बोलत होता, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकवलेलं. त्याच्याकडे नासरीची तीन तिकिटं आहेत, माणशी ८० युरो, नावाचं कोणी बघत नाही, म्हणाला. खरं सांगते, मी पर्समध्ये हात घातला होता. बाबांचा चेहरा बघून मी काहीही दिलं असतं. पण दोन मिनिटांपूर्वीच त्या जोडप्याचे पासपोर्ट यंत्रावर ठेवताना मी बघितले होते. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट तिथे चालणं शक्यच नव्हतं. मी नाही म्हटलं, तर तो क्षणात गर्दीत मिसळला. फसलेली माणसं कुठून बाहेर पडतात, हे त्याला माहीत होतं. त्या दारापाशी कोणीही काहीही विकत असेल तर थांबू नका.

बागा सुंदर आहेत. हेनेरालिफेमधलं पाण्याचं प्रांगण आईला अजून आठवतं. पाचव्या कार्लोसचा राजवाडा बाहेरून चौकोनी आणि आत संपूर्ण गोल अंगण, तिथे तर तिकीटही लागत नाही. त्या गोल अंगणात बाबा बराच वेळ खांब मोजत बसले होते. पण त्यांची भिंत दुसरीकडे होती.

संध्याकाळी सान निकोलासच्या चौथऱ्यावरून समोर अख्खा अल्हाम्ब्रा तांबडा होताना दिसत होता. लोक फोटो काढत होते आणि मी फोनवर अधिकृत साइट सारखी उघडत होते. कोणी रद्द केलेली तिकिटं कधीकधी परत विक्रीला येतात. नासरी राजवाड्यांचं रात्रीचं वेगळं तिकीटही असतं. पावणेआठला एक जागा दिसली. एकच. मी बाबांना म्हटलं, तुम्ही जा. ते म्हणाले, "एकट्याने बघायला मी एवढ्या लांब आलो नाही." आई समजावत होती तोवर ती जागाही गेली. दुसऱ्या दिवशी दुपारची आमची गाडी होती.

पुण्यात परत आल्यावर मी साइटला मेल केले. पहिल्याला ठरावीक उत्तर, दुसऱ्याला तेही नाही. कंपनीचा पत्ता स्पेनमधला नव्हताच. मग बँकेकडे व्यवहारावर आक्षेप नोंदवला, 'विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाखाली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. विक्रेत्याने पुरावा दिला होता: तीन खरी तिकिटं, बरोबर नावं, वेळेवर पाठवलेली, फाटकावर वापरलेली. माझ्याकडे होता फक्त तो मेल, ज्यात 'अल्हाम्ब्रा प्रवेश' असं लिहिलं होतं, आणि प्रवेश तर आम्हाला मिळाला होता. सिंहांच्या फोटोचं ते पान मी साठवून ठेवलं नव्हतं. आता उघडलं तर तिथे बागेचा फोटो होता. आक्षेप फेटाळला गेला. पैसे देताना पानाचा स्क्रीनशॉट घेतला असता तर निदान वाद घालता आला असता. फसव्या साइट खोटं तिकीट देतात अशी आपली समजूत असते. ही साइट खरंच तिकीट देते, बागांच्या तिकिटाच्या चारपटीहून जास्त भावाने, आणि म्हणूनच पकडली जात नाही. पासपोर्टचे ते फोटो कुठे असतील या विचाराने मला अजून झोपेतून जाग येते.

तुम्ही ग्रानादाला जाणार असाल तर हॉटेल आणि रेल्वे ठरवायच्या आधी अल्हाम्ब्राची तारीख बघा आणि बाकीचा प्रवास तिच्याभोवती बसवा. तिकिटं कित्येक महिने आधी विक्रीला येतात. अल्हाम्ब्राचा कारभार बघणाऱ्या संस्थेला पात्रोनातो म्हणतात, आणि तिच्या साइटच्या पत्त्यात अल्हाम्ब्रा, मग आडवी रेघ, मग पात्रोनातो आणि शेवटी डॉट ईएस असं असतं. तो पत्ता स्वतः टाइप करा, जाहिरातीवरून जाऊ नका. व्हिसाच्या भीतीने थांबू नका. तिघांचे मिळून साठेक युरो बुडाले असते तरी ते आम्ही शेवटी दिले त्याच्या एक तृतीयांशच झाले असते. कुठलंही तिकीट घेताना 'पालासिओस नासारीएस' (Palacios Nazaríes, म्हणजे नासरी राजवाडे) हे शब्द आणि त्यापुढे वेळ लिहिलेली आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. ते शब्द नसतील तर फोटो कितीही सिंहांचा असो, ते बागांचं तिकीट आहे. तारीख भरलेली असेल तर 'ग्रानादा कार्ड' नावाचा शहराचा अधिकृत पास बघा. त्यात राजवाड्यांची वेळ मिळते आणि त्याच्या जागा वेगळ्या असतात. तेही नसेल तर दिवस बदला, नाहीतर शहर बदला.

मागच्या आठवड्यात ऑफिसमधली एक मैत्रीण तिच्या आई-वडिलांना घेऊन स्पेनला जायचं म्हणत होती. तिच्याच लॅपटॉपवर मी शोधून दाखवलं. पहिल्या जाहिरातीतलं साइटचं नाव बदललं होतं. पण पान उघडलं तर तेच बारा सिंह, तेच खांब, आणि खाली लाल अक्षरांत: फक्त ४ तिकिटं शिल्लक.