शुगरवाल्यांची एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे मऊ रबराची) चप्पल, ८ महिने वापरून

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, १४ वर्षांपासून शुगरचे पेशंट. यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहतो, वावरात चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. कापूस वेचणीच्या दिवसात एकदा संध्याकाळी घरी आले, न्हाणीच्या दगडावर पाय धुवायला बसले अन् पाणी लाल होऊन राहिलं, मी ओरडली तेव्हा कुठं त्यांनी खाली पाहिलं. साध्या रबरी चपलेतून खिळा आरपार करंगळीखाली घुसला होता, दिवसभर त्याच्यावरच चालले अन् दुखलं काहीच नाही!! अडीच महिने ड्रेसिंग चाललं, शेवटी करंगळी काढावीच लागली.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले अन् नायलॉनच्या जाड केसासारखी तार तळव्याला १० जागी टेकवली, मामाजी फक्त ४ जागी "लागलं" म्हणाले. मी तिथंच रडली. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तही कमी पोचते, म्हणून जखम कळत नाही अन् लवकर भरतही नाही, असं समजावून सांगितलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) तेव्हा १०.२ होती.

मग ही चप्पल घेतली, ८५० रुपये. वरचा थर एमसीआर रबराचा, अंगठ्यानं दाबला की दबते अन् परत वर येते, खालचा तळ कडक. खिळा एकही नाही, सगळं चिकटवलेलं. मागून पट्टा असलेलीच घ्या बरं, दुकानदार आधी अंगठ्याची दाखवत होता ती मी घेतली नाही, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही अन् बोटांच्या बेचकीत घासून जखम होते ते वेगळंच. माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

घरी, बाजारात, एसटीनं जायला एकदम मस्त. तळव्यावर एक जुना घट्टा होता तो बराच कमी झाला. पण वावरासाठी नाही जमत. पावसाळ्यात काळी माती किलो किलोनं चिकटते, वेलक्रोत कुसळं भरतात मग पट्टा धरतच नाही, अन् बाभळीच्या काट्याचा मला अजूनही भरवसा नाही. आता ८ महिन्यांत टाचेखाली रबर बसून गेलं, म्हणजे बदलायची वेळ आली.

चप्पल घेतली म्हणून शुगर कमी होत नाही हेही सांगते. गोळ्या वेळेवर, रात्रीचा भात अर्धा, चहा बिनसाखरेचा, एवढं केल्यावर ती तीन महिन्यांची शुगर आता ७.६ आली. गेलेली जाणीव काही परत आली नाही. म्हणून चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवायचा अन् रोज रात्री सासूबाई आरसा धरून त्यांचे तळवे पाहतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात. डोळ्याचा पडदा अन् लघवीतलं प्रोटीन पण वर्षातून एकदा तपासून घ्या, आम्ही १४ वर्षांत कधी केलंच नव्हतं.

मामाजी शेगावला अनवाणी पायी जायचे. यंदा चप्पल घालून गेले, मंदिराच्या दारापर्यंत. आधी नाही नाही म्हणत होते, सासूबाईंनी महाराजांच्या फोटोसमोर बसवून कबूल करून घेतलं.

दुसरा जोड हाच घेणार आहे. वावरात घालायला बंद बूट, आतून मऊ अन् काळ्या मातीत टिकणारा, कोणी वापरून राहिलं असन तर नक्की सांगा, तुरीची सोंगणी जवळ आली अन् ते काही ऐकणार नाहीत.