वाळवंटाचे रंग, साताऱ्याची भट्टी: कप डोळे झाकून घ्या, उंटाची प्लेट राहू द्या

हाताने घडवलेल्या एका सिरॅमिकच्या कपाला साडेसहाशे रुपये. हे मी घरी सांगायला नको होतं, पण बिल सासूबाईंच्या हाताला लागलं आणि मग काय, "आगं येवड्या पैशात कुंभाराकडनं गाडीभर माठ आलं आस्तं" इथून सुरुवात झाली ती रात्री जेवणापर्यंत चालली. त्याच सासूबाई आता सकाळचा चहा दुसऱ्या कशात देऊ देत नाहीत, ते पुढे सांगते.

दुकान म्हणजे दुकान नाहीच, साताऱ्यात कुंभारकाम करणाऱ्या एका ताईंचं राहतं घर आहे, समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या दिशेला जाताना आत एका गल्लीत, खाली स्टुडिओ आणि वर त्या राहतात. बाहेर बोर्ड आहे पण तो जास्वंदीच्या झाडामागे लपलाय, मी दोनदा पुढे निघून गेले. आत गेल्यावर डाव्या हाताला चाक, मागे इलेक्ट्रिक भट्टी, आणि उजवीकडच्या भिंतीला रॅक. त्यातल्या तीन फळ्या त्यांच्या वाळवंटाच्या सिरीजच्या. ताई मागच्या हिवाळ्यात जैसलमेरला जाऊन आल्या, तिथल्या सम आणि खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवर राहिल्या, आणि आल्यापासून हेच करतायत असं त्या स्वतःच हसत सांगतात.

मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे सगळं एकच बिस्किट कलर असणार. तसं अजिबात नाहीये. एक फळी दुपारच्या वाळूची आहे, जवळजवळ पांढरट, हात लावला की किंचित खरखरीत. एक जैसलमेरच्या किल्ल्याच्या पिवळ्या दगडाची, त्यात कडेला ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, पातळ झालंय तिथे मधासारखा तपकिरी रंग उतरलाय. तिसरी संध्याकाळची, त्यात गुलाबी आहे, जांभळट करडा आहे, आणि मध्येच एखाद्या वाटीला आतून भगवा, तो म्हणे रोहिड्याच्या फुलांचा. रोहिडा हे राजस्थानचं राज्यफूल. आणि त्यांचं राज्यवृक्ष खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याच्या गोष्टीतली, हे मला तिथे कळलं आणि उगाचच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं. तिचा धुरकट हिरवा दोन बरण्यांवर आहे. त्या बरण्या मला हव्या होत्या पण आधीच कोणीतरी सांगून ठेवल्या होत्या.

मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे रंग कसा आणला हे विचारल्याशिवाय राहवलं नाही आणि ताईंनी पण कामाच्या मध्ये अर्धा तास दिला. तर गंमत अशी की वाळवंटाचा रंग आणि कपाचा रंग एकाच गोष्टीतून येतो, लोखंडाच्या ऑक्साइडमधून. वाळूच्या कणांवर, दगडात लोह असतं म्हणून तो पिवळा-तांबडा दिसतो, आणि ग्लेझमध्ये पण तेच कमी-जास्त प्रमाणात घालतात. मग सोपंच की, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, सगळ्यात अवघड पिवळाच आहे. कारण पिवळ्या मातीतल्या लोखंडात पाणी बांधलेलं असतं, तीनशे डिग्रीच्या आतबाहेरच ते पाणी उडून जातं आणि माती लाल होते. वीट भाजल्यावर लाल का होते ते आपण शिकवतोच, पण त्याची दुसरी बाजू अशी की निसर्गातला पिवळा भट्टीत टिकत नाही, तो वेगळ्या वाटेने परत आणावा लागतो. त्यासाठी ताई लोखंडाबरोबर रुटाईल वापरतात, हे टायटॅनियमचं खनिज, केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून निघतं. म्हणजे राजस्थानच्या वाळूचा रंग आणायला केरळची वाळू! मी हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, पोरं पहिल्यांदा ऑक्साइडच्या धड्यात जागी होती.

त्यांनी कासच्या वाटेवरची जांभ्याची लाल माती पण लावून बघितली होती. तिचा रंग १२२० डिग्रीला पार चॉकलेटी झाला, नमुन्याच्या टिकल्या दोरीत ओवून ठेवल्यात त्यात दिसते. मला खरं तर तो चॉकलेटी जास्त आवडला पण तो वाळवंटात बसत नाही म्हणून त्यांनी सोडून दिला. सोडायला नको होता.

आता सासूबाई. माहेर म्हसवडचं. मी कप धुऊन ओट्यावर पालथे घातले होते, त्या आल्या, एक उचलून खिडकीपाशी नेला आणि म्हणाल्या, "आगं हे आमच्या माळावानी दिसतंया." मी म्हटलं, आई, हे जैसलमेर आहे. तर म्हणे, "मग येवड्या लांब कशाला गेली ती बाय? म्हसवडच्या यष्टीत बसायचं." हसू आलं पण त्यात चूक काय होतं? आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस आणि माण तालुक्यात कसाबसा पाचशेच्या आसपास. वाळवंट नाही म्हणता येणार, जैसलमेरला त्याच्याही निम्म्याहून कमी पडतो आणि आपल्याकडे खाली काळा खडक आहे, वाळूच्या टेकड्या कुठल्या. पण मार्च-एप्रिलमध्ये दहिवडीच्या पुढे गेलात की वाळलेल्या कुसळाचा तो जो फिका सोनेरी रंग असतो, त्याच्यात मेंढरांची धूळ उडालेली, तो या कपावर आहे, अगदी तोच. मी लग्नानंतर पंधरा वर्षं तो रस्ता बघतेय आणि मला तो कधी रंग वाटलाच नव्हता, दुष्काळच वाटायचा.

बरं, रिव्ह्यू. मी घेतलं ते असं: दुपारच्या वाळूचे दोन कप, संध्याकाळच्या चार वाट्या, आणि भिंतीवर लावायची एक मोठी प्लेट.

कप एक नंबर. जाड नाहीत, कानात दोन बोटं नीट जातात, चहा बऱ्यापैकी वेळ गरम राहतो. तळाला ग्लेझ नसतं, ती तळाची कड काचेच्या टेबलावर घासते, तर घेताना तळावरून बोट फिरवून बघा, खरखरीत लागला तर तिथेच सांगा, त्या घासून देतात. माझा एक तसा होता. आतून सगळ्या कपांना साधं पांढरं ग्लेझ आहे आणि हे मुद्दाम आहे, बाहेर कितीही रंगांचे खेळ करा पण चहा ज्याला लागतो तो भाग साधा ठेवायचा, असं ताईंचं म्हणणं. मी तरी घरी येऊन लिंबाची फोड रात्रभर कपात ठेवून बघितली, सकाळी रंगात काही फरक नाही. हा काही लॅबचा रिपोर्ट नाही, पण हाताने केलेली कुठलीही भांडी आणलीत, कुठूनही, तर एवढं करून बघा, लिंबाखाली रंग फिका पडला किंवा बदलला तर त्यात ताक-लोणचं ठेवायचं नाही.

वाट्यांनी मात्र डोक्याला ताप दिला. संध्याकाळच्या रंगाच्या वाट्यांवर बारीक भेगांची जाळी आहे, क्रॅकल म्हणतात, दिसायला फार सुंदर, उन्हाळ्यात तळं आटून चिखल तडकतो ना तसं. ग्लेझ थंड होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतं म्हणून ते तडकतं. आता मराठी घरात वाटी कशासाठी असते? पहिल्याच दिवशी मटकीची उसळ वाढली. धुतल्यावर भेगांमधून हळद! संध्याकाळचं वाळवंट गेलं आणि जेजुरी झाली. भिजवून बघितलं, सोडा लावून बघितला, उन्हात ठेवल्यावर थोडी उतरली पण गेली नाही. हे विकताना सांगायला पाहिजे होतं की नाही? परत घेऊन गेले तर ताईंनी वाद घातला नाही, क्रॅकलची वाटी सुक्या खाऊची, हे सांगायचं राहिलं म्हणाल्या, आणि दोन वाट्या बदलून बिनभेगांच्या दिल्या. उरलेल्या दोन मीच ठेवल्या, त्यात आता शेंगदाणे आणि बडीशेप असते. रॅकवर चिठ्ठी लावा असं सांगून आले होते, परवा गेले तेव्हा चिठ्ठी होती.

बशीची गोष्ट. सासूबाई चहा बशीत ओतून पितात, आणि ताई बशा करतच नाहीत, हल्ली कोणी मागत नाही म्हणे. मी म्हटलं साताऱ्यात राहून असं कसं म्हणता. मग माझा कप मापाला ठेवून घेतला आणि दोन बशा करायला घेतल्या. पहिल्या खेपेला आल्या त्यात कपाचा तळ मधल्या खळग्यात बसेना, बोटभर बाहेर. झालं असं की माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण बारा टक्के आकसते, तेवढी मोठी करायची असते, त्यांनी बशी बरोबर मोठी केली होती पण खळगा नेहमीच्या सवयीने कपाच्या मापाचाच ठेवला. दुसऱ्यांदा केल्या, मध्ये भट्टी चालू असताना लाईट गेली, ती खेप वाया, तिसऱ्यांदा जमल्या. सगळे मिळून सात आठवडे. भट्टी थंड व्हायला पण एक पूर्ण दिवस जातो, घाईने दार उघडलं तर गार हवेने तडा जातो, त्यामुळे "ताई उद्या द्या ना" हे इथे चालत नाही. कोणाला लग्नात द्यायचं असेल तर दोन महिने आधी सांगा. आणि त्या बशा काय झाल्यात म्हणून सांगू, कड थोडी वर वळवलीय, ओतलेला चहा सांडत नाही, एका बाजूला पिवळा एका बाजूला फिका, आणि आत तेच पांढरं ग्लेझ. सासूबाईंनी फुंकर मारत पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "बरी हाय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पाच स्टार समजा.

राहिली भिंतीवरची प्लेट, चोवीसशे रुपये, आणि हा माझा पश्चात्ताप. तिच्यावर उंटांची रांग आहे, मागे सूर्य, वर तांब्याच्या ग्लेझचं निळं-हिरवं आभाळ, कडेला सोनेरी रेघ. तिथे लाईटखाली झळकत होती. घरी भिंतीवर लावली तर पर्यटन खात्याचं पोस्टर. आभाळाचा निळा तेवढा अप्रतिम आहे, पण उंट कशाला? कपावर ना उंट ना सूर्य, नुसता रंग वाहत आलाय आणि जिथे थांबला तिथे थांबलाय, ते बघून सासूबाईंना माळ आठवला. प्लेट बघून कोणाला काही आठवलं नाही, आमच्या मुलाने फक्त "आई, उंट पाच का सहा?" विचारलं. ताईंना हे तोंडावर सांगितलं मी, त्या म्हणाल्या उंटच जास्त खपतात. असेल बाबा. त्यापेक्षा एका छोट्या ताटलीवर त्यांनी माळढोक काढलाय, दोन-तीन रेघांत, मान वर केलेला, तो घ्या. जैसलमेरकडे अजून थोडे उरलेत, आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्यांच्यासाठी अभयारण्य केलं पण पक्षी आता जवळपास दिसतच नाहीत. सासूबाईंनी लहानपणी माळावर बघितलाय म्हणतात. ती ताटली नऊशेला आहे आणि मी चोवीसशे उंटांवर घालवून बसलेय.

ही भिंतीवरची प्लेट जेवायला वापरू नका, तांबं असलेल्या ग्लेझला आंबट पदार्थ लागला की त्यातलं तांबं खाण्यात उतरू शकतं. आणि सोनेरी रेघ असलेलं काहीच मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. कप मी मायक्रोवेव्हमध्ये रोज घालते, काही होत नाही, फक्त कान तापतो.

किमतीबद्दल. राजवाड्याच्या बाजूला दुकानात खुर्जाचे, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या त्या सिरॅमिकच्या गावचे, कप शंभर-दीडशेला मिळतात, ते पण चांगले असतात, रोज आपटायला तेच ठीक. इथे कप साडेसहाशे, वाटी साडेचारशे, बशी मी सांगून करून घेतली म्हणून तीनशे. एक कप हाताने घडवून, वाळवून, एकदा हजार डिग्रीला भाजून, ग्लेझ लावून परत बाराशेच्या वर भाजून येतो, आणि प्रत्येक खेपेत चार-पाच फुकट जातात, ते बघितल्यावर साडेसहाशे जास्त नाही वाटत. वाटी मात्र महाग आहे असं माझं मत, चार घेतल्या की अठराशे होतात. घासाघीस चालत नाही, पण खाली एक पेटी आहे, थोडं वाकडं, थोडं डागाळलेलं, ते निम्म्या किमतीत. माझ्या मैत्रिणीने त्यातून एक कप उचलला, त्यावर ग्लेझ ओघळून तळाशी थेंब जमलाय, सगळ्या रॅकवर तसा दुसरा नाही, आणि तिला तो सव्वातीनशेला पडला. मी जळतेय.

बाहेरगावी पाठवतात पण कुरिअरचा अनुभव बरा नाही. पुण्याला नणंदेसाठी एक कप पाठवला तर कान वेगळा आणि कप वेगळा पोचला, कुरिअरवाल्याने हात वर केले, ताईंनी दुसरा दिला. कोणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्याच हाती द्या, कंदी पेढ्याच्या बॉक्ससोबत बरोबर मावतो.

सोमवारी बंद असतं. रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलरच न्या. आणि भट्टी चालू असली की त्या फोन उचलत नाहीत, तर सरळ जाऊन बेल वाजवा, कुत्रा भुंकतो पण चावत नाही.